स्पीकरमधली गुणगुण आणि प्लगची तिसरी पिन

नवा अ‍ॅम्प्लिफायर घरी येतो, स्पीकर जागेवर बसतात, संध्याकाळी घरातले सगळे जमतात आणि कोणीतरी यमनमधला विलंबित ख्याल लावतो. तानपुरे सुरू होतात. पण त्यांच्या खालून आणखी एक सूर ऐकू येत असतो. गायकाचा षड्ज कुठलाही असो, हा सूर बदलत नाही. गाणे थांबवले तरी तो थांबत नाही. साउंडवाले त्याला 'हमिंग' म्हणतात. आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, म्हणून हा सूर ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीतला, बऱ्याचदा १०० हर्ट्झचा असतो. पेटीवर शोधायला गेले तर १०० हर्ट्झ पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी सापडतात. म्हणजे कोणत्याच पट्टीशी हा सूर नीट जुळत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे. तिथल्या घरात हाच त्रास थोड्या वरच्या सुरात होतो, इतकाच फरक.

या गुणगुणीवर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा की केबल हलकी आहे, महागातली 'बॅलन्स्ड' केबल घ्या. दुसरा असा की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, आवाज लगेच बंद होईल. पहिल्या सल्ल्यात अर्धे तथ्य आहे आणि त्यात फार तर पैसे वाया जातात. दुसरा सल्ला अनेकदा खरोखर लागू पडतो आणि आवाज बंद होतो. तो जिवावर बेतू शकतो, आणि लागू पडत असल्यामुळेच एका घरातून दुसऱ्या घरात पसरतो. हे दोन्ही सल्ले नीट समजून घ्यायचे तर आवाज तारेतून कसा जातो, ते आधी पाहावे लागेल.

गुणगुण येते कुठून?

सीडी प्लेयर, टीव्ही किंवा संगणकातून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी नेहमीची केबल म्हणजे दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या टोप्यांच्या पिना असलेली 'आरसीए' केबल. हे नाव रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीवरून पडले. या केबलमध्ये प्रत्येक चॅनलसाठी दोनच वाटा असतात. मधल्या तारेतून आवाजाचा संदेश जातो आणि तिच्याभोवती विणलेल्या धातूच्या जाळीतून तो परत येतो. ही जाळी दोन्ही उपकरणांच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. या रचनेला 'अनबॅलन्स्ड' म्हणतात.

जाळी बाहेरच्या विद्युत लहरी अडवते हे खरे. पण घरातली बरीचशी गुणगुण हवेतून येतच नाही. ती जाळीतूनच वाहत येते. समजा, अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीवरच्या सॉकेटला लावला आहे आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर दुसऱ्या भिंतीवरच्या. दोघांचेही प्लग तीन पिनांचे आहेत. दोन्ही सॉकेटची अर्थिंगची तार कुठेतरी मागे एकत्र येते. आता दोन्ही उपकरणांना केबल जोडली की अर्थिंग आणि केबलची जाळी मिळून एक मोठे बंद कडे तयार होते. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये थोडाफार विद्युत दाबाचा फरक असतोच, त्यामुळे या कड्यातून सतत थोडा प्रवाह फिरू लागतो. यालाच 'ग्राउंड लूप' म्हणतात. टीव्हीला आलेली केबल किंवा डिशची तार बाहेर कुठेतरी अर्थ केलेली असेल, तर तीही अशा कड्याचा भाग होते.

हा प्रवाह किती त्रासदायक ठरतो? जाळी आणि दोन्ही टोकांचे जोड मिळून रोध ०.१ ओहम आणि प्रवाह १ मिलिअँपिअर धरला, तर जाळीच्या दोन टोकांत ०.१ मिलिव्होल्टचा फरक पडतो. घरगुती उपकरणांत आवाजाच्या संदेशाची नेहमीची पातळी सुमारे ०.३ व्होल्ट असते, म्हणजे या गुणगुणीच्या ३,००० पट. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण आलाप शांत होत जातो तेव्हा संदेश सहज शंभर पट खाली उतरतो आणि हेच अंतर ३० पटींवर येते. दोन ताना चालू असताना न जाणवलेली गुणगुण अशा वेळी कानावर येते. संदेशाची परतीची वाट आणि या भटक्या प्रवाहाची वाट एकच असणे, हे या केबलचे मूळ दुखणे आहे. तारेचे तांबे कितीही शुद्ध घेतले तरी हे दुखणे जात नाही. जाळी जाड आणि जोड घट्ट असले की रोध कमी होऊन गुणगुण कमी होते, एवढेच.

टेलिफोनचा धडा आणि तराजूचा नियम

हीच अडचण टेलिफोनला सव्वाशे वर्षांहून आधी आली होती. सुरुवातीच्या टेलिफोन लाइन एका तारेच्या होत्या आणि परतीची वाट म्हणून जमीनच वापरली जाई. शेजारच्या तारायंत्राच्या लाइनचा खडखडाट त्यात शिरत असे. विजेवरच्या ट्राम आल्यावर त्रास आणखी वाढला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये यावर उपाय मांडला. एका तारेऐवजी दोन सारख्या तारा घ्यायच्या आणि त्या एकमेकींभोवती पिळायच्या. पिळामुळे कधी एक तार त्रासाच्या उगमाजवळ येते, कधी दुसरी. सरासरीने दोन्ही तारांवर त्रास सारखाच पडतो. पलीकडच्या टोकाला फक्त दोन तारांमधला फरक मोजला की जे दोघींवर सारखे आहे ते वजा होऊन जाते.

'बॅलन्स्ड' केबल म्हणजे हेच. तिच्यात पिळलेल्या दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती जाळी वेगळी असते. जाळी संदेश वाहत नाही. कड्यात फिरणारा प्रवाह जाळीतून येऊन सांगाड्यात निघून जातो, संदेशाच्या वाटेत येत नाही.

भाजीवाल्याच्या तराजूवरून हे चटकन समजते. दोन्ही पारड्यांत अर्धा-अर्धा किलो जादा टाकला तरी दांडी हलत नाही, कारण तराजू फरक दाखवतो. दोन्ही तारांवर पडलेली गुणगुण म्हणजे हा दोन्हीकडचा जादा अर्धा किलो. मात्र तराजूच्या दांडीच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या हव्यात. एक बाजू जरा लांब असली की सारखे वजन टाकूनही दांडी झुकते. केबलच्या बाबतीत ही लांबी म्हणजे प्रत्येक तारेचा जमिनीच्या संदर्भातला विद्युत रोध. दोन्ही तारांचा रोध जितका काटेकोर सारखा, तितकी गुणगुण चांगली वजा होते. चांगल्या उपकरणात ती हजारात एक भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दोन तारांतून एकमेकांच्या उलट संदेश जातात म्हणून बॅलन्स्ड केबल चांगली, असे सर्रास सांगितले जाते. बरीच उपकरणे तसे उलट संदेश पाठवतातही. पण गुणगुण वजा होण्यासाठी त्याची गरज नसते. भाजी एकाच पारड्यात असली तरी तराजू वजन बरोबरच दाखवतो, फक्त दांडीच्या बाजू सारख्या हव्यात. संदेश एकाच तारेवर आणि दुसरी तार तेवढ्याच रोधाने जमिनीला जोडलेली, अशीही बॅलन्स्ड उपकरणे असतात आणि ती उत्तम चालतात.

घरात कोणती केबल कुठे?

बॅलन्स्ड जोडणीसाठी बहुधा तीन पिनांचा 'एक्सएलआर' कनेक्टर वापरतात, तोच जो गायकांच्या मायक्रोफोनला असतो. त्यातली पहिली पिन जाळीची, दुसरी 'हॉट' म्हणजे सुलट संदेशाची आणि तिसरी 'कोल्ड' म्हणजे उलट बाजूची. पूर्वी काही उपकरणांत दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेचे काम अदलाबदल केलेले असे. ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या १९९२ च्या मानकाने दुसरी पिन हॉट हे पक्के केले. दुसरा प्रकार ६.३५ मिलिमीटरच्या जाड जॅकचा. त्याच्या टोकाला हॉट, मधल्या कड्याला कोल्ड आणि मागच्या लांब भागाला जाळी असते.

घरातली बहुतेक उपकरणे एकाच कपाटात, एकमेकांपासून मीटर-दोन मीटरवर असतात. तिथे साधी आरसीए केबल पुरेशी आहे. बॅलन्स्ड केबलने स्वर गोड होत नाहीत की खर्ज भरदार होत नाही. तिचे काम बाहेरचा त्रास दूर ठेवणे एवढेच, आणि जिथे त्रास नाही तिथे ती काही वेगळे देत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सबवूफरपर्यंत आठ-दहा मीटर तार न्यायची असेल, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्टुडिओचे स्पीकर घरी वापरायचे असतील किंवा दोन उपकरणे वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर बॅलन्स्ड जोडणीचा फायदा स्पष्ट ऐकू येतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून साध्या स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारांना मात्र हे काहीच लागू नाही. तिथे प्रवाह मोठा असतो. ती तार जाड आणि तिचे जोड घट्ट असले की झाले.

महाग उपकरण म्हणजे निर्धोक असेही नाही. केबलची जाळी आत गेल्यावर थेट सांगाड्याला जोडण्याऐवजी काही उत्पादक ती आतल्या सर्किट बोर्डावर नेतात. मग जाळीतला भटका प्रवाह बोर्डभर फिरून संदेशात मिसळतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या चुकीवर बोट ठेवले. जाळीची पिन पहिली असल्याने ती 'पिन वन प्रॉब्लेम' म्हणून ओळखली जाते. २००५ मध्ये यासाठी वेगळे मानकही आले.

दोन पद्धती एकत्र येतात तेव्हा

घरात खरा घोळ होतो तो एक उपकरण आरसीएचे आणि दुसरे एक्सएलआरचे असते तेव्हा.

आरसीएकडून एक्सएलआरकडे जाताना जाळी आणि दोन आतल्या तारा असलेली केबल घ्यावी. आरसीएच्या मधल्या पिनेची तार एक्सएलआरच्या दुसऱ्या पिनेला आणि बाहेरच्या कड्याची तार तिसऱ्या पिनेला जोडावी. जाळी एक्सएलआरच्या पहिल्या पिनेला आणि आरसीएच्या टोकाला बाहेरच्या कड्याला जोडावी. पाठवणारे उपकरण साधे असूनही घेणारे उपकरण आता दोन तारांतला फरकच मोजते, त्यामुळे बॅलन्स्ड जोडणीचा बराचसा फायदा पदरात पडतो. अनेक तयार केबलमध्ये मात्र एक्सएलआरच्या टोकालाच पहिली आणि तिसरी पिन जोडून टाकलेली असते. केबल दिसते एक्सएलआरची, पण वागते साध्या आरसीएसारखी.

उलट दिशेने, एक्सएलआरकडून आरसीएकडे जाताना एकच नियम चालत नाही. पाठवणाऱ्या उपकरणात ट्रान्सफॉर्मर असेल तर तिसरी पिन पहिलीला जोडावीच लागते, नाहीतर संदेशाला परतीची वाट मिळत नाही. दोन्ही तारांना वेगवेगळे सर्किट उलट संदेश पाठवत असेल, तर तिसरी पिन मोकळी सोडलेली बरी. ती जमिनीला जोडली तर त्या सर्किटवर भार पडतो आणि आवाज फाटू शकतो. नेमके काय करायचे हे उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, ते आधी वाचावे. पातळीचाही फरक असतो. व्यावसायिक उपकरणांची नेहमीची पातळी १.२३ व्होल्ट, म्हणजे घरगुती पातळीच्या जवळपास चौपट. त्यामुळे घरगुती अ‍ॅम्प्लिफायरला आवाज झेपत नाही आणि मोठ्या स्वरांवर तो कर्कश होतो.

आणखी एक फसगत मोबाइल किंवा लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकची. त्यालाही तीन भाग असतात म्हणून तो बॅलन्स्ड वाटतो. प्रत्यक्षात ते तीन भाग डावा आवाज, उजवा आवाज आणि जमीन असे असतात. हा जॅक थेट एखाद्या बॅलन्स्ड सॉकेटला लावला तर उपकरण डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक ऐकवते. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यात गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो. परिणामी वाद्ये वाजत राहतात आणि गायक गायब होतो. जुने मोनो चित्रपटगीत लावले तर जवळपास काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी स्पीकर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी केबल पाहावी.

तिसरी पिन काढल्यावर

आता दुसरा सल्ला. प्लगची तिसरी पिन काढली की अर्थिंगचे कडे तुटते, प्रवाह थांबतो आणि गुणगुण जाते. पण ती पिन आवाजासाठी नव्हतीच. भारतीय प्लगमध्ये ती इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग लावताना तिचा संपर्क सर्वांत आधी व्हावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा, म्हणून. उपकरणात बिघाड होऊन २३० व्होल्टची तार धातूच्या सांगाड्याला लागली, तर मोठा प्रवाह अर्थिंगमधून निघून जावा आणि फ्यूज किंवा एमसीबीने वीज तोडावी, हे तिचे काम.

पिन नसेल तर काहीच घडत नाही, आणि तेच भयंकर आहे. फ्यूज जात नाही, गाणे चालू राहते, फक्त सांगाडा २३० व्होल्टवर असतो. शिवाय तो एकटा राहत नाही. आरसीए केबलची जाळी त्याला टीव्ही, टर्नटेबल, संगणक अशा सगळ्यांशी जोडते. बिघाड एकीकडे आणि हात दुसरीकडे, असे होऊ शकते. दुसऱ्या उपकरणाचे अर्थिंग शाबूत असेल तर बिघाडाचा सगळा प्रवाह केबलच्या बारीक जाळीतून जाऊ पाहतो आणि ती तापून जळू शकते.

शरीराला १ मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह जाणवू लागतो. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह छातीतून काही काळ गेला तर श्वास आणि हृदयाचा ठोका दोन्ही धोक्यात येतात. शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला प्रवाह १५० मिलिअँपिअर होतो. फरशीवर अनवाणी पाय आणि ओले हात असतील तर परिस्थिती आणखी वाईट.

हे कागदावरचे भय नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी इथे मंचावरच मृत्यू झाला. नीट अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला त्यांचा हात लागला होता. द यार्डबर्ड्सचे गायक कीथ रेल्फ हे मे १९७६ मध्ये लंडनमधील आपल्या घरी गिटार वाजवत असताना विजेच्या धक्क्याने गेले. तिथेही अर्थिंगचाच दोष होता. त्यांचे वय ३३ होते.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी तपासायला हव्यात. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तारच नसते. काही ठिकाणी ते भोक आतून न्यूट्रलला जोडून 'अर्थिंग' केलेले असते. हे अधिक घातक आहे, कारण न्यूट्रलची तार कुठे तुटली तर सगळे सांगाडे एकदम जिवंत होतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. पण आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग तोडणे योग्य ठरत नाही, दोन्ही हवेत.

मग गुणगुण घालवायची कशी?

आधी ती कुठून येते ते शोधावे. आवाजाचे बटण फिरवल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर ती त्या बटणाच्या आधी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या एखाद्या केबलमधून येते आहे. होत नसेल, तर दोष बटणाच्या पुढे, अ‍ॅम्प्लिफायरच्या आत किंवा त्याच्यापुढच्या जोडणीत आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकेक केबल काढावी आणि पुन्हा चालू करून पाहावे. टीव्हीची बाहेरून आलेली तार काढल्यावर गुणगुण थांबली तर चोर सापडला. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. टर्नटेबल असेल तर त्याची वेगळी बारीक अर्थ तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट लावली आहे ना, ते पाहावे. टर्नटेबलच्या सुईचा संदेश काही मिलिव्होल्टचाच असतो, त्यामुळे तिथे थोडी ढिलाईही फार ऐकू येते.

पुढचा उपाय जवळजवळ फुकटचा आहे. सगळी उपकरणे एकाच सॉकेटवर, एकाच चांगल्या अर्थिंगच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावावीत. कडे लहान होते आणि दाबातला फरकही. आरसीए केबल लागेल तेवढीच लांब ठेवावी. टीव्ही किंवा डिजिटल प्लेयरला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ते वापरावे. त्या केबलमधून वीज नाही, प्रकाश जातो, त्यामुळे कडे तयारच होत नाही. एवढे करूनही गुणगुण राहिली, तर संदेशाच्या केबलमध्ये बसवण्याचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मिळतो. दुकानात तो 'ग्राउंड लूप आयसोलेटर' या नावाने मागावा. तो संदेश चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने पलीकडे पोहोचवतो आणि भटक्या प्रवाहाची वाट तोडतो. फार स्वस्तातला घेतला तर खर्जाचे स्वर पातळ होतात, एवढे लक्षात ठेवावे. आणि उपकरणांना बॅलन्स्ड सॉकेट असतील तर बॅलन्स्ड केबल लावावी. ती सोन्याचा मुलामा दिलेलीच असली पाहिजे असे मुळीच नाही.

कडे तोडायचेच असेल तर ते आवाजाच्या केबलमध्ये तोडावे. विजेच्या प्लगची तिसरी पिन जिथे आहे तिथेच राहू द्यावी.